विमानातून उतरताना ज्यू, लग्नाच्या वेळी संशयित? बेने इस्रायलींबद्दल प्रश्न

मांडवीकर
मंडळी, कामाला मशीद बंदरला आहे. सॅम्युएल स्ट्रीटवरून रोज जाणंयेणं, तिथे हातगाड्या आणि गोण्यांच्या गर्दीत ते १७९६ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे (स्टेशनचं 'मशीद' त्यावरूनच आलं म्हणतात). ऑफिसातल्या एक मॅडम बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, आहेत, घरी आपल्यासारखंच मराठी. परवा डबा खाताना सांगत होत्या की त्यांची मावशी १९६४ ला जेरुसलेममध्ये धरण्याला बसली होती, का तर तिथले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आमच्या लोकांची बाकीच्या ज्यूंशी लग्नं लावायला का कू करायचे. मला हे झेपलंच नाही. इस्रायलच्या १९५० च्या परतीच्या कायद्याने जगातल्या ज्यूंना तिकडे जाऊन राहायचा हक्क आहे ना, मग तिथे गेल्यावर हे काय? आणि मानवी हक्क वगैरे जे म्हणतात त्यात हे बसतं का?

कोर्टनाका
शिक्के दोन आहेत, तिथेच सगळी मेख. देशात घ्यायचा शिक्का सरकारचा, लग्नाचा रब्बींचा. इस्रायलमध्ये नागरी लग्न नाहीच, तुर्कांच्या काळापासून ज्याचं त्याचं धर्मपीठ लग्न लावतं, इंग्रजांनी तेच चालू ठेवलं आणि १९५३ च्या कायद्याने ज्यूंसाठी ते पक्कं झालं.

आता कायद्याचं. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम १६ ला सरळ लिहिलंय की वंश, राष्ट्रीयत्व, धर्म यांची आडकाठी न होता लग्न करता आलं पाहिजे. पण तो पडला जाहीरनामा. बांधून घेणारा करार १९६६ चा, नागरी आणि राजकीय हक्कांचा, त्यात लग्नाचं कलम २३. इस्रायलने १९९१ मध्ये तो मान्य करताना त्याच कलमापाशी लिहून ठेवलं की आमच्याकडे या बाबी धर्माच्या कायद्याने चालतात, कराराशी पटलं नाही तर आम्ही धर्माचाच कायदा लावणार. म्हणजे हक्क मान्य, भांडणाचा तेवढा तुकडा काढून ठेवला. बोंबला मग.

सीएसएमटी_फास्ट
इस्रायल दिसला की धागा निघालाच! अहो आपण १९७९ ला त्याच करारात शिरताना परदेशी माणसाला बाहेर काढायच्या कलमावर आमचाच कायदा चालेल असं लिहून दिलंय, ते कोण बघतंय? आणि लग्नाचं म्हणाल तर माझ्या मित्राने स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली अर्ज केला, ३० दिवसांची नोटीस बोर्डावर लागली, नावपत्त्यासकट, आणि आठव्या दिवशी मुलीचे काका दारात.

कोर्टनाका
नोटीस वाईटच, त्यात वाद नाही. पण ३० दिवसांनी लग्न लागतं ना, आणि पणजी कोण होती हे रजिस्ट्रार विचारत नाही. तिकडे जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात, १९६३ च्या इस्रायली सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे परतल्यावर सरकारला नोंद करून घ्यावी लागते. स्वतःच्या देशात नवराबायको म्हणून लागायला विमानाचं तिकीट!

नवगावचा_पाहुणा
मी बेने इस्रायली, ठाण्यात राहतो, म्हणून थोडं लांबण लावतो. आमचं गलबत नवगावपाशी फुटलं आणि वाचलेल्यांपासून आम्ही, अशी घरातली गोष्ट. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद, म्हणून गावात 'शनवार तेली'. आडनावं गावांवरून, दिवेकर, पेणकर, रोहेकर. आता शेकडो वर्षं बाकीच्या ज्यूंपासून लांब राहिलेल्या माणसांनी घटस्फोट रब्बींच्या रीतीने कुठून द्यायचा? ते धार्मिक सोडपत्र, 'गेट' म्हणतात, ते नसलं तर त्यांच्या हिशेबात बाईचं पहिलं लग्न मोडलेलंच नाही, मग दुसऱ्या लग्नाची मुलं आणि त्यांच्या पुढच्या पिढ्याही लग्नाला बाद. संशय हा होता. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या संस्थेने फर्मान काढलं की बेने इस्रायली लग्नाला आला की आईकडून मागे जाता येईल तितकी चौकशी करा.

त्याआधीही बरं नव्हतंच, १९५१-५२ मध्ये रंगावरून वागणूक नीट नाही म्हणून काही लोकांनी तेल अवीवमध्ये ठिय्या दिला, आम्हाला भारतात परत सोडा म्हणून, आणि काही खरंच परत आलेही. १९६४ ला मात्र मागणी घरी सोडा अशी नव्हती, आम्ही इथलेच, पूर्ण ज्यू, हे मान्य करा अशी होती. संसदेने म्हणजे क्नेसेटने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. रब्बींनी फर्मान मागे घेतलं नाही हं, त्यातून आमचं नाव काढलं आणि 'ज्यांच्याबद्दल शंका असेल ते' असं मोघम केलं. आमचे थोरले सांगतात, ठराव भिंतीवर लावायला छान.

सीएसएमटी_फास्ट
हे माहीत नव्हतं. मघाचा सूर जरा चढाच लागला, सॉरी.

मांडवीकर
@नवगावचा_पाहुणा, मॅडमना वाचून दाखवलं. म्हणाल्या मावशीला त्या ठरावापेक्षा एवढंच आठवायचं की धरण्यावर घोषणा कुणी मराठीत सुरू केली की बाकीचे बघत बसायचे. एक विचारू? ते सिनेगॉग आतून बघायला देतात का?

नवगावचा_पाहुणा
देतात बहुतेक, आधी विचारून जा. शनिवारी नको. आणि मॅडमना मलिद्याला, म्हणजे आमच्या घरच्या धार्मिक विधीला, बोलवायला सांगा, गोड पोहे चुकवू नका.