बियाणे बँकेसाठी फ्रीजर घ्यावा का?

अंगणवेल: आमच्या वस्तीत काही घरांनी मिळून जुन्या वाणांचं बी जमवायला घेतलंय. घेवड्याचे चार प्रकार, टोमॅटो, भोपळा, मका. वर्गणी जमली आणि लगेच दोन तट पडले. एक गट म्हणतो, हवामानाचा भरवसा उरलेला नाही, डीप फ्रीजर घ्या. दुसरा म्हणतो, फ्रीजर कसला, वाफे करा. हिशेब माझ्याकडे, त्यामुळे दोघंही माझ्याच डोक्यावर बसलेत. कुणी असं काम केलं असेल तर नेमकं सांगा, उपदेश नको.

मूठभर_माती: ताई, पैसे वाफ्यांवर घाला. बी आधी कोरडेपणावर टिकतं, मग थंडीवर. ढोबळ नियम असा की बियातला ओलावा १ टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट, तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. ओलसर बी गोठवलं तर ते मरतंच. सावलीत कडक वाळवलेलं बी, घट्ट झाकणाची बरणी, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी, थंड अंधारी जागा. टोमॅटो-घेवड्याला एवढ्यावर तीन-चार वर्षं काढता येतात.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. नॉर्वेत स्वालबार्डच्या तिजोरीत २००८ पासून जगभरचं बी उणे १८ अंशांत ठेवतात. सीरियातल्या युद्धामुळे इकार्डा या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेला अलेप्पोजवळची आपली बीजपेढी सोडावी लागली, तेव्हा त्यांनी या तिजोरीत ठेवलेलं बी २०१५ साली परत मागवलं. ते लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरलं आणि २०१७ मध्ये नवं बी पुन्हा तिजोरीत पाठवलं. म्हणजे एवढी मोठी तिजोरी असूनही गाडी शेवटी वाफ्यावरच आली! शिवाय गोठलेलं बी जसंच्या तसं राहतं, बाहेरचा उन्हाळा मात्र थांबत नाही. दर हंगामात पेरा आणि उष्म्यातही ज्या वेलाने शेंगा धरल्या, त्याचं बी राखा. घेवड्याचे चारही प्रकार चालू ठेवा. पाऊस लांबला तर त्यातला कुठला हात देईल, हे आधी कुणीच सांगू शकत नाही.

दर वर्षी प्रत्येक बरणीतल्या २५ बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवड्याने मोजा. निम्म्यासुद्धा उगवल्या नाहीत तर तो वाण त्याच हंगामात पेरायचा, चर्चा नाही.

पिवळं_फूल: घेवडा-टोमॅटो बहुतेक आपल्याच परागावर फळतात, तिथे एका घराकडे एक वाण दिला तरी चालेल. भोपळ्याला मधमाश्या कुठलेही पराग आणून लावतात. संध्याकाळी उद्या उमलणारी मादी कळी शोधा, तिच्या देठाशी बारकासा भोपळा दिसतो. ती आणि एक नर कळी टोकाला दोऱ्याने बांधा. सकाळी लवकर सोडा, नराच्या पाकळ्या खुडा, पराग मादीत फिरवा आणि ती पुन्हा बांधा. देठाला रंगीत दोरा हवाच. नाहीतर तुमच्यातलंच कुणीतरी बियांचा भोपळा कापून भाजी करतं.

कडधान्य: फ्रीजरला सरसकट मोडीत काढू नका हो. घेवड्याला भुंगा लागतो. कडक वाळलेलं बी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलं की अंडी-अळ्या मरतात. त्यासाठी कुणाच्याही घरचा एक कप्पा पुरे, नवीन घ्यायची गरज नाही. बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडू नका, बियांना पाणी सुटतं.

अंगणवेल: फ्रीजर रद्द! आता मक्याचं भांडण. जागा एकच आहे आणि दोन घरांचे दोन रंगांचे मके आहेत. कुणाचा लावायचा?

मूठभर_माती: दोन्ही लावा, पण दुसरा महिनाभर उशिरा पेरा. तुरे एका वेळी आले नाहीत तर पराग भिडत नाहीत. मात्र प्रत्येकाची शंभरेक ताटं तरी हवीत, चार ताटांवर बी धरलं तर दोन-तीन पिढ्यांत कणसं खुरटतात. तेवढी जागा नसेल तर यंदा एक, पुढच्या वर्षी दुसरा. आधी कुणाचा, त्यासाठी चिठ्ठी टाका.