वि. स. पागे यांची आठवण कशी जागवावी?

प्रश्न : आम्ही तासगावकडचे. गावच्या वाचनालयात पागेसाहेबांवर कार्यक्रम करायचा आहे. हार, फोटो, भाषणं हे नेहमीचंच. नव्या पोरांना तर त्यांचं नावही ठाऊक नाही. काय करावं?

उत्तर : रोहयोवर, म्हणजे पागेसाहेबांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेवर, राबलेल्या बायकांना बोलवा, माईक त्यांच्या हातात द्या! माझी आई ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळून, धाकट्याला झाडाखाली झोळीत टाकून. मस्टरवर (हजेरीपटावर) अंगठा उठवला की आठवड्याला पगार. त्या पैशावर चूल पेटली, आम्ही जगलो. पागे हा माणूस विधान परिषदेचा सभापती होता, पण मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या मागे लागून त्याने १९६५ साली तुमच्याच तालुक्यातल्या विसापुरात या योजनेचा पहिला प्रयोग करून घेतला. हे पोरांना ठासून सांगा.

उत्तर : पैशाची बाजूही सांगा. १९७५ पासून पगारदारांचा व्यवसाय कर या योजनेसाठी घेतला जाऊ लागला. शहराने खेड्याला दिलेला हात तो. राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. देशाचा तसा कायदा २००५ साली आला.

प्रश्नकर्ता : ताई, आईंना आणाल का? गाडी पाठवतो. गावातल्या पाझर तलावावर काम केलेल्या दोघी आजीही अजून आहेत, त्यांना आजच विचारतो.

उत्तर : आणते की. खुर्ची तेवढी पुढच्या रांगेत ठेवा, तिला कमी ऐकू येतं.