‘ग्रेडियंट’ : प्रवणता, ढाळ की चढ?

अनुवादक, परभणी : उष्णतावहनावरील पाठाचे भाषांतर करताना ‘टेम्परेचर ग्रेडियंट’साठी, म्हणजे ठरावीक अंतरामागे तापमान किती बदलते त्यासाठी, मी ‘तापमान प्रवणता’ असे लिहिले होते, तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘तापमानातील फरक’ केले. मला हे पटत नाही, कारण टोकांमधला फरक 40 अंशांचाच ठेवून सळई निम्म्या लांबीची घेतली, तर उष्णता दुप्पट वेगाने वाहते. अंतर वगळले की अर्थच निसटतो. आपण काय लिहाल?

विज्ञानशिक्षिका, लातूर : ‘फरक’ चूकच. पण 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर ‘भूकंपप्रवण’ आणि सरकारी कागदांतून ‘अवर्षणप्रवण’ इतके कानी पडले आहे की ‘प्रवण’ म्हणजे संकटाच्या तोंडाशी बसलेला, असेच आमची मुले समजतात. गवंडी गच्चीला देतो तो ‘ढाळ’ का नको?

गोदाकाठ : संस्कृतात ‘प्रवण’ म्हणजे मुळात उतरता, ‘कल असलेला’ हा अर्थ त्यातूनच आला. मुलांना ठाऊक नाही म्हणून नेमका शब्द टाकायचा, तर परिभाषा हवी कशाला? शिवाय ‘ढाळ’ म्हटले की वर्ग पोट धरून हसेल.

निवृत्त अभियंता, बीड : उतार सुचवणारे हे दोन्ही शब्द उलटे आहेत. गणितात ग्रेडियंटची दिशा वाढीकडे असते आणि उष्णता तिच्या विरुद्ध वाहते, म्हणून तर फूरिये यांच्या उष्णतावहनाच्या नियमात ऋणचिन्ह येते. त्या न्यायाने ‘चढ’च म्हणावे लागेल.

गोदाकाठ : मग छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत पाणी हौदात कोसळण्याआधी नळातून वर चढते, ते कोणत्या चढाने?

निवृत्त अभियंता, बीड : ते उंचीच्या नव्हे, तर उंची आणि दाब यांच्या बेरजेच्या उताराने वाहते. उगमाचा झरा डोंगरात, चक्कीहून उंच आहे. बंद नळातले पाणी मध्ये खाली-वर झाले तरी ती बेरीज, घर्षणामुळे, पुढे घटतच जाते. आपल्या बोअरभोवतीही हेच घडते : उपसा झाला की तिथली पातळी खचते आणि आजूबाजूचे पाणी त्या खळग्याकडे सरकते, मग वरचे शिवार सपाट का असेना.

विज्ञानशिक्षिका, लातूर : नळ बंद आणि जमिनीखालून असताना त्याच शहरातल्या मलिक अंबरच्या पाणीपुरवठा योजनेला ‘नहर’ कसे म्हणतात? नहर म्हणजे तर कालवा.

गोदाकाठ : अरबीत ‘नहर’ म्हणजे नदी, कालवा हा अर्थ पुढचा. तेव्हा बंद की उघडा, हा वादच गैरलागू.

अनुवादक, परभणी : आणि माझी सळई?

विज्ञानशिक्षिका, लातूर : थांबा, नदीला झाकण असते का, ते आधी सांगा.