मदत हवी आहे: राजाराम बंधाऱ्याचा आकडा तोच, मग आमच्याकडे पाणी कमी-जास्त का?

नमस्कार मंडळी. गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठी, नरसोबावाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमाच्या जरा वर. घरी सहा म्हशी. पावसाळ्यात सगळं लक्ष वर कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. वडील उठल्या उठल्या विचारतात, "आज किती?" आणि त्यावर जनावरं हलवायची की नाही ते ठरतं.

२०१९ ला हा हिशेब चुकला. २००५ चं पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागून परत गेलं होतं, म्हणून एक रात्र थांबलो. पहाटे म्हशी पोटापर्यंत पाण्यात. दावी कापून बाहेर काढल्या, एक रेडकू गेलं. तेव्हापासून वही ठेवतोय. घाटाच्या पायऱ्यांवर ऑइलपेंटने फुटाफुटाच्या खुणा केल्यात. एरवी दिवसातून तीनदा वाचतो, पूर असला की दर तासाला.

वहीत एक गोष्ट अडते. राजाराम ४१ वर असताना एकदा पाणी पाणंदीतल्या मोरीखाली होतं. दुसऱ्या खेपेला तेवढ्याच ४१ वर गोठ्याच्या दारात आलं, आणि तिकडे राजाराम उतरायला लागला तरी इथं दीड दिवस चढतच राहिलं. मला वाटतं ही कृष्णेची फूग. खाली कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढं सरकायला उतारच उरत नाही. त्या दिवशी वाहून आलेला केळीचा खुंट तासभर आमच्या घाटासमोरच घुटमळत होता. पातळी एवढी आणि ओढ काहीच नाही. म्हणजे नुसत्या पातळीवरून विसर्ग (सेकंदाला किती पाणी वाहतंय ते) काढायचा तक्ता इथं चालणार नाही, बरोबर ना?

जोडीला सांगलीचा, कृष्णेवरचा आयर्विन पूल धरावा (इशारा ४०, धोका ४५), तर वारणा नदी हरिपूरला, आयर्विनच्या खाली मिळते. वारणेवरच्या चांदोली धरणातून सोडलेलं पाणी त्या आकड्यात पुरतं कसं दिसणार? म्हणून सध्या राजाराम आणि अंकली पूल (कृष्णेवरच, वारणा मिळाल्यानंतरचा) शेजारी-शेजारी लिहितोय. ही जोडी बरोबर आहे का? की कृष्णेवरचा, संगमाखालचा राजापूर बंधाराही धरावा?

दुसरं, माझ्या पट्टीचा शून्य, म्हणजे पायरीवरच्या खुणा नेमक्या किती उंचीपासून मोजायच्या. पुलांवरचे फूट त्या त्या जागेपुरते, केंद्रीय जल आयोगाचे आकडे समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. फूग असताना पाणी जवळजवळ सपाट उभं असतं. अशा दिवशी आयोगाच्या कुरुंदवाड केंद्राची पातळी माझ्या पायरीवर उतरवून घेतली तर कितपत चूक येईल? की लेव्हल मशीन (उंची मोजायचं सर्वेक्षणाचं यंत्र) लावूनच घ्यावं? नदीमापनाचं काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

मला आठ तास आधी कळलं तरी पुरे. म्हशी आणि वैरण ट्रॉलीतून माळावर न्यायला तेवढेच लागतात. वहीच्या पानांचे फोटो हवे असतील तर टाकतो.