सांस्कृतिक संस्थांचा पैसा आधी कोणासाठी : महोत्सवासाठी की इथल्या कलावंतांसाठी?

धागाकर्ती, मालवण

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत नाटक आणि गाणे टिकवण्यात विश्वस्त संस्थांचा वाटा फार मोठा आहे, हे मान्य करूनच मी हा विषय मांडत आहे. कणकवलीचे वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान, रत्नागिरीची खल्वायन आणि आर्ट सर्कल या संस्थांनी नफ्याकडे न पाहता जे काम केले, त्यामुळे चांगले नाटक पाहण्यासाठी किंवा थोर गायकाची मैफल ऐकण्यासाठी आपल्याला दर वेळी मुंबई गाठावी लागत नाही. माझा आक्षेप या संस्थांवर नाही. अलीकडे तालुक्यातालुक्यांत जी नवी प्रतिष्ठाने निघत आहेत, त्यांची जवळजवळ सगळी शक्ती वर्षातून एकदाच होणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या महोत्सवावर खर्ची पडते, याबद्दल मला बोलायचे आहे.

मंडप, ध्वनियंत्रणा, प्रकाशयोजना, बाहेरगावच्या कलावंतांचा प्रवास आणि निवास यांत जमलेला निधी संपतो. दशावताराला, म्हणजे आपल्या जत्रांत रात्रभर रंगणाऱ्या लोकनाट्याला, उद्घाटनाच्या संध्याकाळी तासाभराची जागा मिळते आणि "लोककलेलाही स्थान दिले" असे अहवालात लिहिता येते. त्या एका तासात काय हरवते, ते जत्रेत रात्र जागवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दशावताराला लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे आणि कोणी केव्हा प्रवेश करायचा एवढे आधी ठरते. संवाद रंगमंचावर, पेटी, मृदंग आणि झांजेच्या साथीने तयार होतात. मध्यरात्रीच्या सुमारास आडदशावतारातल्या, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातल्या, गणपतीपासून आणि संकासुरापासून सुरू झालेला खेळ पहाटे दहीकाल्यावर संपतो. तासाभराच्या प्रयोगात संकासुर आणि युद्ध तेवढे उरते. राजापार्टी आणि स्त्रीपार्टी, म्हणजे राजाची आणि स्त्रीची भूमिका करणारे नट, यांच्यातला लांबत जाणारा शब्दांचा सामना, ज्यात नवा नट खऱ्या अर्थाने घडतो, तोच आधी कापला जातो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, प्रत्येक संस्थेने वर्षाच्या खर्चापैकी निदान निम्मा भाग स्थानिक कलावंतांच्या शिक्षणासाठी, वाद्यांच्या देखभालीसाठी आणि पावसाळ्यातील मानधनासाठी राखून ठेवावा. खाऱ्या हवेने पेटीचे सूर गंजतात आणि पावसाळ्यात पखवाजाची पुडी सैल पडते. एखाद्या वाडीतले भजनी मंडळ त्या एका पेटीच्या दुरुस्तीवाचून बंद पडू शकते, आणि त्यासाठी लागणारी रक्कम मंडपाच्या भाड्यापुढे अगदीच किरकोळ असते.

प्रतिसाद : एका सांस्कृतिक संस्थेचा कार्यकर्ता, कणकवली

आपली कळकळ मला समजते, परंतु निष्कर्ष पटत नाही. महोत्सव म्हणजे केवळ झगमगाट, असे आपण गृहीत धरले आहे. गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा-विशारदच्या संगीत परीक्षांना बसणारी मुले आज आपल्या तालुक्यांत आहेत. त्यांनी विलंबित ख्याल समोर बसून कुठे ऐकायचा? भ्रमणध्वनीवरचे ध्वनिमुद्रण ऐकून स्वर कळतो, पण गायक एखादी जागा चुकल्यावर ती कशी सावरतो आणि तबल्याकडे केव्हा पाहतो, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही. आमच्या महोत्सवात पहिल्या दोन रांगा विद्यार्थ्यांसाठी मोकळ्या ठेवतात, आणि त्या रांगांना मी शिक्षणावरचाच खर्च समजतो.

दुसरी गोष्ट नाटकाची. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या आमच्या हौशी मंडळींना तालमीची जागा, प्रकाशयोजनेचे साहित्य आणि नेपथ्य ठेवायची खोली हवी असते. ती महोत्सवाच्या तिकिटांतून आणि त्या निमित्ताने जमलेल्या देणग्यांतून उभी राहते. देणगीदार महोत्सवाला पैसे देतो, पेटीच्या दुरुस्तीला देत नाही. हे चांगले आहे असे मी म्हणत नाही, पण संस्था चालवणाऱ्याला ते विसरून चालत नाही. निम्मा खर्च बाजूला काढला तर महोत्सव लहान होईल, लहान झाला की देणग्या आटतील, आणि तो राखीव निम्मा भागही पुढच्या वर्षी उरणार नाही.

आणि माझा सर्वांत गंभीर आक्षेप दशावताराबद्दलच आहे. दशावतार ही आश्रयावर जगणारी कला नाही. गावे, देवस्थाने आणि मंडळींचे, म्हणजे दशावतारी नाटक कंपन्यांचे, मालक यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली ती स्वतंत्र व्यवस्था आहे. कोणत्या जत्रेत कोणत्या मंडळीचा मान, हे परंपरेने ठरत आले आहे. उद्या आमच्यासारखी एखादी समिती कोणाला पावसाळी मानधन द्यायचे हे ठरवू लागली, तर खरा दशावतार कोणता याचा निवाडाही ती करू लागेल. तो अधिकार कोणत्याही विश्वस्त मंडळाकडे जाऊ नये, असे मला अगदी मनापासून वाटते.

प्रतिसाद : सावंतवाडी

पलीकडे गोव्यात कला अकादमी १९७० पासून सरकारी बळावर उभी आहे आणि काही शहरांत रवींद्र भवने आहेत. आपल्याकडे हा भार खासगी विश्वस्त संस्थांवर टाकून शासन मोकळे झाले आहे. तुटपुंज्या निधीची वाटणी कशी करावी यावर आपसांत वाद घालण्याआधी ही तुलना लक्षात घ्यावी, एवढेच मला सुचवायचे आहे.

प्रतिसाद : दशावतारी मंडळीतील पेटीवादक, कुडाळ

माझे म्हणणे दोघांपेक्षाही थोडे वेगळे आहे. कार्यकर्ते म्हणतात त्याप्रमाणे आम्ही आश्रित नाही, हे खरे आहे. तुळशीच्या लग्नानंतर आमचा हंगाम सुरू होतो आणि मिरग येईपर्यंत चालतो; कलावंताला नाईटप्रमाणे पैसे मिळतात. पण स्वतंत्र व्यवस्था आहे म्हणून ती सुरक्षितही आहे, असे समजू नये. पावसात कोणी भातशेती करतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी मजुरीला जातो. रात्रभर जागून पहाटे टेम्पोतून परतणाऱ्या माणसाला अपघात झाला तर त्याच्या घरी हंगामभर काहीही येत नाही. संस्थांना आमच्यासाठी काही करायचेच असेल, तर सर्व मंडळींतील कलावंतांसाठी एकत्रित अपघात विमा उतरवावा. त्यात निवड करायची नसल्यामुळे खरा कोण आणि खोटा कोण, हा प्रश्नही येणार नाही.

शिक्षणाबद्दल ताईंना एक सांगायचे आहे. दहा दिवसांच्या शिबिरात दशावतार शिकवता येत नाही. तिथे प्रमाणपत्र मिळते, आणि नंतर ते मूल पुन्हा आमच्याकडे फिरकत नाही. मृदंग शिकायचा तर जुन्या मृदंगवाल्याशेजारी बाकड्यावर बसून, झांज वाजवत, अनेक रात्री काढाव्या लागतात. अशा एखाद्या मुलाच्या येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च संस्थेने उचलला तरी पुरे. तो कोणत्या मंडळीबरोबर जाईल, हे त्याने आणि मालकाने ठरवावे. आणि महोत्सवात आम्हांला बोलवायचे असेल, तर उद्घाटनाला बोलावू नका. मुंबईचे नाटक संपल्यावर रात्री साडेदहाला मंच आमच्या हाती द्या, पूर्ण बिदागी द्या आणि पहाटेपर्यंत खेळू द्या. सभागृहातले लोक बसतील की नाही, याची काळजी आम्ही घेऊ.

प्रतिसाद : लेखापाल, चिपळूण

चर्चेत पैशाची बाजू थोडी अर्धवट येत आहे, म्हणून लिहितो. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कलांचे संवर्धन स्पष्टपणे नमूद आहे. म्हणजे देणगीदार फक्त महोत्सवालाच पैसे देतो, हे पूर्ण खरे नाही. वर्षभराच्या कामाचा नीट प्रस्ताव घेऊन कंपनीकडे जाणाऱ्या संस्था कमी आहेत. अडचण निराळी आहे. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे हाच कायदा सांगतो. त्यामुळे रायगडला, किंवा लोटे आणि जयगडच्या आसपास, ज्या आशेने जाता येते, त्या आशेने सिंधुदुर्गात जाता येत नाही, कारण तिथे मोठे कारखाने थोडे आहेत. तेथील संस्थांनी मुंबईतल्या चाकरमान्यांकडून स्थायी निधीसाठी वेगळी देणगी मागावी आणि तिच्या व्याजातून विमा व वाद्यदुरुस्ती चालवावी. महोत्सवाची थैली आणि ही थैली एकच असण्याचे कारण नाही. बिदागी मात्र बँकेतूनच द्यावी. दोन हजारांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला करवजावट मिळत नाही, हेही देणगी घेताना सांगावे.

धागाकर्ती, मालवण

पेटीवादक दादांचे शिबिरांविषयीचे म्हणणे मी मान्य करते, आणि मानधनाऐवजी विमा हा पर्याय मला अधिक न्याय्य वाटतो. परंतु कार्यकर्त्यांच्या मुख्य मुद्द्याला माझा विरोध कायम आहे. देणगीदाराची आवड हीच संस्थेची दिशा ठरू लागली, तर विश्वस्त कशासाठी नेमायचे? पिंगुळीत ठाकर समाजातील परशुराम गंगावणे यांनी गोठ्याच्या जागेत चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय उभारले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तोवर ते काम त्या कुटुंबाने कितीतरी वर्षे चालवले होते. तिथे जाऊन बाहुल्यांचे दोरे हाताळणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मंडपाविना काम दिसत नाही, असे म्हणता येणार नाही.

प्रतिसाद : एका सांस्कृतिक संस्थेचा कार्यकर्ता, कणकवली

पिंगुळीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, असे मी म्हणेन. ते काम एका कुटुंबाच्या निष्ठेने उभे राहिले, समितीच्या टक्केवारीने नव्हे. तरीही विमा आणि स्थायी निधी या दोन गोष्टी मी आमच्या वार्षिक सभेपुढे ठेवणार आहे. महोत्सवाचा खर्च निम्मा करण्याच्या ठरावाला मात्र मी विरोधच करीन. साडेदहाच्या प्रयोगाबद्दल एक व्यावहारिक प्रश्न आहे. बंदिस्त नाट्यगृह रात्रभर चालवायला बहुधा परवानगी मिळणार नाही, आणि पटांगणात खेळ करायचा तर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. जत्रेत जुने नट ध्वनिवर्धकाशिवाय खेळत होतेच. मंडळीचे मालक त्याला तयार असतील, तर पेटीवादकांनी तसे कळवावे. तारीख सभेआधीच ठरवता येईल.