राईस मिलमध्ये कलर सॉर्टरला हवा पुरत नाही. पाईप किती इंची असावा?

प्रश्न: धानवाला, मूल (जि. चंद्रपूर)
आमच्या राईस मिलमध्ये यंदा कलर सॉर्टर (हवेच्या फटक्याने काळे दाणे वेगळे करणारे यंत्र) बसवला. कॉम्प्रेसर 10 एचपीचा स्क्रू प्रकारचा आहे आणि त्याच्या पाटीवर 40 सीएफएम (मिनिटाला 40 घनफूट हवा) लिहिलेले आहे. तुसाची धूळ आत ओढली जाऊ नये म्हणून तो मागच्या शेडमध्ये ठेवला असून तेथून सॉर्टरपर्यंत सुमारे 150 फूट अर्धा इंची पीव्हीसी पाईप टाकलेला आहे. एरवी यंत्र नीट चालते, परंतु काळे दाणे जास्त असलेला माल आला की कमी दाबाचा अलार्म वाजतो आणि माल आत सोडणारा फीडर थांबतो. शिवाय पावसाळ्यात फिल्टरच्या वाटीत पाणी साचते. विक्रेता 15 एचपीचा कॉम्प्रेसर घ्या म्हणतो. पाईप बदलून भागेल का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर: हवादाब, गोंदिया
भाऊ, कॉम्प्रेसरचा निर्णय थांबवा आणि आधी दोन प्रेशर गेज लावा, एक टाकीवर आणि एक सॉर्टरच्या तोंडाशी. यंत्र पूर्ण भरात असताना दोन्ही एकाच वेळी वाचा.

40 सीएफएम हा मोकळ्या हवेचा आकडा आहे. 7 बारला दाबल्यावर (बाहेरच्या हवेचा 1 बार धरून एकूण 8) तीच हवा आठव्या हिश्शाएवढी, म्हणजे मिनिटाला 5 घनफूट उरते. अर्धा इंची पाईपचा आतला व्यास 16 मिमी धरला तर ती सेकंदाला जवळपास 12 मीटर वेगाने धावते. मुख्य लाइनमध्ये हा वेग 6 ते 9 मीटरच्या आत ठेवतात. एक इंची जीआयमध्ये (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप, आतला व्यास 27 मिमी) तो 4 मीटरवर येतो. दाबातील घट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलत असल्यामुळे, तुमच्या अंतरात अर्धा इंची पाईप अर्ध्या बारहून अधिक दाब खातो, तर एक इंची पाईप 0.05 बारही खात नाही. एल्बो आणि वॉल्व्ह यांचा हिशेब वेगळा.

धानवाला
गेज लावले. टाकीवर 7 बार, सॉर्टरच्या फिल्टरआधी 6.2 आणि फिल्टरनंतर 5.6. वाटी उघडली तेव्हा आतील काडतूस (हवा गाळणारा बदलता भाग) तपकिरी चिखलाने माखलेले होते.

उत्तर: पंपवाला
काडतूस बदला, एवढे पुरे. आमच्या गॅरेजमध्ये पाच वर्षांपासून पीव्हीसीच आहे, कधी तक्रार नाही.

उत्तर: जुना फिटर, तुमसर
पंपवाले दादा, पाण्याच्या पाईपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. दाबलेल्या हवेखाली पीव्हीसी फुटला तर त्याच्या किरच्या उडतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाखाली तो आणखी कमजोर होतो. मिलमध्ये बाया पोती शिवत बसलेल्या असतात. त्यांच्या डोक्यावरून अशी लाइन नेऊ नये.

धानवाले भाऊ, तुमच्या गेजप्रमाणे पाईपमध्ये 0.8 आणि फिल्टरमध्ये 0.6 बार जातो. म्हणून काडतूस तर बदलाच, पण लाइनही मध्यम जाडीच्या जीआयमध्ये नव्याने टाका. हिशेबाने एक इंची पुरतो, तरी मी दीड इंची टाकीन, कारण मजुरी तीच लागते आणि पुढे पॅकिंग मशीन आले की पुन्हा भिंत फोडावी लागत नाही. लाइनला हवेच्या दिशेने 100 फुटांना 1 फूट उतार द्या आणि शेवटी ड्रेन कॉक ठेवा. यंत्राकडे उतरणारी शाखा मुख्य पाईपच्या खालून काढू नका. वरून काढून हंसाच्या मानेसारखी वळवून खाली आणा, म्हणजे लाइनमधील पाणी सरळ यंत्रात उतरणार नाही. बहुतेक ठिकाणी हीच चूक सापडते.

पावसाळ्यात 40 सीएफएमच्या हवेतून तासाला लिटरभराहून अधिक पाणी सुटते, त्यामुळे टाकीनंतर हवा कोरडी करणारा ड्रायर हवाच. सॉर्टरजवळ 200 लिटरची छोटी टाकी ठेवली, तर काळे दाणे वाढल्यावर एकदम लागणारी हवा तेथून मिळेल. जीआयची पापडी सुटून दाण्यांवर हवा मारणाऱ्या इजेक्टरमध्ये जाऊ नये म्हणून बारीक फिल्टर अगदी यंत्रापाशी लावा. आट्यांवर ताग गुंडाळू नका, त्याचे धागे आत जातात. टेफलॉन टेप पहिली आटी सोडून लावा.

काम झाल्यावर रात्री मिल बंद असताना लाइन भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावा. 3 मिमीचे एक भोकही तुमच्या कॉम्प्रेसरची जवळपास निम्मी हवा घालवते. त्यानंतरही सॉर्टरवर दाब कमी पडला, तरच 15 एचपीचे बघा.