देवगिरीची गादी नक्की कुणाची? आमण की रामचंद्र?

गडवेडा_२१: यादवांचं वाचतोय, एका जागी गाडी अडकलीये. १२६१ च्या सुमारास कृष्णदेव गेला, पोरगा रामचंद्र होता तरी गादीवर बसला धाकटा भाऊ महादेव. बरं. मग १२७१ ला महादेवाच्या मागे त्याचा मुलगा आमण बसला आणि रामचंद्राने लगेच त्याला उचलला. मग बंडखोर कोण म्हणायचं? मला दोघांचंही पटतंय.

जुनी_बखर: रामचंद्र तेव्हा लहान असणार म्हणून काका बसला, बहुतेक जण असंच धरतात. आणि कृष्णदेव तरी कसा आला ते बघा, त्याचा बाप जैतुगी आधीच वारलेला म्हणून आजोबा सिंघणाची गादी थेट नातवाला मिळाली, म्हणजे थोरली पाती चालवायची हे घरात आधीच झालं होतं. त्यामुळे माझं मत रामचंद्राकडे. काकाने राज्य सांभाळलं ठीक, पण आपल्या पोराला देऊन टाकायचं?

खापरखुणा: दहा वर्षं राज्य केलेल्या माणसाला सांभाळणारा कसं म्हणता हो? महादेव पक्का राजा होता, उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य त्यानेच संपवलं. त्याच्या पोराचा काय दोष? आणि रामचंद्राने काय केलं, देवगिरीसारखा किल्ला लढून थोडाच पडतोय, म्हणून नाचगाण्याच्या मंडळींच्या वेशात आपली माणसं घेऊन आत घुसला. आमणला नाचगाण्याचा नाद, तो बघत बसला आणि तिथेच धरला. पुढे डोळे काढले म्हणतात. चुलतभाऊ हां सख्खा!

गडवेडा_२१: बाप रे. आणि हेमाद्री? तो तर महादेवाचा माणूस ना?

जुनी_बखर: होता, आणि मग रामचंद्राकडेही राहिला. कारभारी मंडळी अशीच, गादी बदलली तरी दप्तर तेच.

खापरखुणा: आणि हाच रामचंद्र १२९० च्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी न्यायाने राज्य करणारा राजा म्हणून येतो. तोवर एकोणीस वर्षं झालेली, आमणचं नाव कोण काढणार.

जुनी_बखर: पण एक सांगतो, ही वेशांतराची गोष्ट शत्रूने पसरवलेली नाही. रामचंद्राच्याच १३१० च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात ती आलीये, तीही पराक्रम म्हणून. लपवण्यासारखं काही केलं असं त्याच्या दरबाराला वाटलेलंच दिसत नाही.